युनियन करावी का? आणि नवीन कायद्यातले ५१ टक्के नेमके कुणाचे?

कुपवाडचा_फिटर | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर आहे, अकरावं वर्ष. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण उघड आहे. आम्ही कायम कामगार ६२. ठेकेदाराची पोरं शंभराच्या आसपास, ऑर्डर असेल तशी कमीजास्त. पगारवाढ म्हणजे दिवाळीला साहेबांच्या मनात येईल तेवढी. गेल्या दिवाळीत त्यांच्या मनात फार काही आलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यात गेले. तेव्हापासून कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते, आता कायद्यानंच युनियनला बोलणीचा हक्क दिलाय, ५१ टक्के दाखवा, मालकाला समोर बसावंच लागतंय. दुसरी म्हणते, हे सगळं संप मोडायला आणलंय, पगार वाढायचा लांबच, हातात येणारा कमी होणार.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. युनियन करण्यात आता अर्थ उरलाय का? आणि हे ५१ टक्के कुणाचे धरायचे, ६२ चे की दीडशे-पावणेदोनशेचे?

भडंग_स्पेशल | सोमवार, रात्री ११.५२

रुमाल टाकून ठेवतो. जागा पकडली.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, सकाळी ७.१५

फिटरदादा, धागा चांगला काढलात. सातारला कामगार न्यायालयात पंचवीस वर्षं काळा कोट घातला, आता घरी तुळशीला पाणी घालतो. तेव्हा जरा लांबण लागेल.

युनियन नोंदवायला किमान सात माणसं लागतात, आणि एकूण कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातलं जे कमी तेवढं पाठबळ. म्हणजे तुमच्याकडे सात जणांत काम होतं. पण नोंदणी वेगळी आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क वेगळा. औद्योगिक संबंध संहिता, २०२० सांगते की हजेरीपटावरच्या कामगारांपैकी ५१ टक्के ज्या युनियनबरोबर, ती एकटी बोलणी करणार. एकाहून जास्त युनियन असून कुणाकडेच ५१ नसतील तर वाटाघाटी परिषद बसते, २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी.

आपल्या महाराष्ट्रात १९७१ चा कायदा होता. त्यात मान्यता मिळवायला ३० टक्के सभासद पुरायचे. म्हणजे आपल्यापुरती पट्टी वर गेली. पण बऱ्याच राज्यांत मालकानं युनियनशी बोललंच पाहिजे असा कायदाच नव्हता, तिथल्या लोकांना हे नवीन मिळालंय. मान्य युनियनशी प्रामाणिकपणे बोलणी न करणं ही अनुचित प्रथा ठरते. युनियनमध्ये गेला म्हणून काढणं हीसुद्धा.

संपाचं म्हणाल तर १४ दिवस आधी नोटीस आता सगळ्यांना. पूर्वी केंद्राच्या कायद्यात ही अट फक्त पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांना होती. आणि निम्म्या लोकांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. ‘आज सगळ्यांचंच पोट बिघडलं’ हा जुना उपाय गेला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हजेरीपटावरचे. म्हणजे ६२. ठेकेदाराची मुलं ठेकेदाराच्या पटावर.

भडंग_स्पेशल | मंगळवार, सकाळी ७.४०

नाना, तुळस सुखी आहे. ६२ चे ५१ टक्के म्हणजे ३१.६२. तो ०.६२ माणूस कुठला आणायचा? आमच्या खात्यात आहे एक, आठ तासांतले पाच तास जागेवर असतो. धाडून देऊ का?

कुपवाडचा_फिटर | मंगळवार, दुपारी १.१०

@भडंग, हसलो राव.

नाना, धन्यवाद. पण खरी गोम तीच आहे. उद्या आम्ही ६२ जण बाहेर बसलो तरी मशीन थांबत नाही. तिसऱ्या पाळीला तर आमचे चारच असतात, बाकी सगळी ठेकेदाराची पोरं. कागदावर आम्ही ५१ टक्के, शॉपवर निम्मेसुद्धा नाही.

जॉबवर्क | मंगळवार, दुपारी ३.०५

मिरज एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. चार सीएनसी, दोन व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी मशीनं, सतरा माणसं. आता सगळे मला शिव्या घालतील, घाला.

मालक म्हणजे राक्षस असं धरूनच हे धागे सुरू होतात. मी पंपाचे पार्ट करून देतो. मोठी कंपनी दर ठरवते, मी नाही. बिलं नव्वद दिवसांनी निघायची. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या, नाहीतर आयकरात त्या वर्षी खर्च धरणार नाही, असं २०२४ मध्ये आलं, तर एका पार्टीनं सांगितलं, तुमची उद्यमची, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणीच काढून टाका, मगच काम देतो. मी कुणाची युनियन करू? पगार वाढवायचा तर दर वाढायला हवा, आणि दर राजकोट-कोइमतूरवाले पाडतात. कायदा करून पैसा छापता येत नाही.

बेदाणा | मंगळवार, दुपारी ४.२०

जॉबवर्कदादा, सतराच माणसं का? मागच्या वर्षी दुसऱ्या धाग्यावर एकोणीस म्हणाला होतात.

जॉबवर्क | मंगळवार, दुपारी ४.३३

ताई, तुमच्या स्मरणशक्तीला नमस्कार. दोघं पुण्याला गेले, चाकणला. विसाच्या आत राहिलेलं बरं, एवढंच सांगतो.

कोर्टाची_पायरी | मंगळवार, सायंकाळी ६.००

बाकीच्यांना कळावं म्हणून सांगतो. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार झाले की पूर्वी केंद्राच्या कायद्यात ‘कारखाना’ व्हायचा, आता वीस. विजेशिवाय वीसचे चाळीस झाले. आपल्या कुपवाड-मिरजेत दहा ते एकोणीसवाली शेडं किती आहेत ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. ती सगळी कारखान्याच्या व्याख्येबाहेर. युनियन बळकट करणारं कलम वाचताना हे कलमही शेजारी ठेवून वाचावं. तसंच कामगार कमी करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी १०० कामगारांपासून लागायची, ती आता ३०० पासून.

बेदाणा | मंगळवार, रात्री ९.१०

तुमचं सगळं कायम, कंत्राटी, हजेरीपट चाललंय. आमच्या आईचं नाव उभ्या आयुष्यात कुठल्या पटावर लागलं नाही, म्हणून लिहिते.

तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर आई बावीस सीझन निवडायला जात होती. सकाळी नऊ ते सहा, पाय दुमडून. काड्या, काळे मणी, बारीक मणी वेगळे करायचे. गंधकाच्या धुरीचा वास साडीला इतका बसायचा की ती आली हे आम्हाला दारातून कळायचं. उचलाउचल करणाऱ्या पुरुषाची हजेरी जास्त, निवडणाऱ्या बाईची कमी. का, तर ‘बसून तर काम हाय’. १९७६ पासून समान कामाला समान वेतनाचा कायदा आहे, आता ते वेतन संहितेत आहे. पण शेडवर म्हणणार, काम समानच नाही. बेदाण्याचा दर ठरतो तो माल किती स्वच्छ निवडलाय त्यावर, हे कुणी धरतच नाही.

एकदा बायकांनी वीस रुपये वाढवून मागितले. पुढाऱ्याशिवाय, युनियनशिवाय. दोन दिवस कुणीच गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी शेजारच्या गावातून दुसऱ्या बायका घेऊन आली. त्या आईच्या माहेरच्या होत्या.

वाचनमात्र | मंगळवार, रात्री ९.३०

बाप रे, ते शेवटचं वाक्य.

लालडबा | मंगळवार, रात्री १०.१५

एसटीत कंडक्टर. २०२१ च्या दिवाळीला आमचा संप सुरू झाला, नीट कामावर गेलो ते २०२२ च्या एप्रिलात. त्या वेळी मान्य युनियन होती, बाकीच्याही डझनभर होत्या, आणि नेमक्या त्या सगळ्यांना बाजूला सारून पोरं बसली. मागणी एसटीच्या राज्य सरकारातल्या विलीनीकरणाची. विलीनीकरण काही झालं नाही. मूळ पगारात अडीच ते पाच हजारांची वाढ सरकारनं पहिल्याच महिन्यात जाहीर केली होती. ती तेव्हाच घेऊन उठायला पाहिजे होतं का, यावर आमच्या डेपोत अजून भांडणं होतात. एक ड्रायव्हर नि मी त्यापायी दोन वर्षं बोलत नव्हतो, आणि ड्यूटी एकाच गाडीवर. घंटी मारली की तो मुद्दाम दोनदा आरशात बघायचा.

माझं मत: युनियन पाहिजेच. पण कधी उठायचं हे ज्याला कळतं तोच पुढारी.

भडंग_स्पेशल | मंगळवार, रात्री १०.२२

म्हणून परवा स्वारगेट-सांगली गाडी सातारला वीस मिनिटं उभी होती होय? अबोला चालू होता?

लालडबा | मंगळवार, रात्री १०.२५

ती चहाला उभी होती. अबोल्याला सुट्टी मिळत नाही.

माणदेशी | बुधवार, सकाळी ८.५०

लालडब्याशी सहमत, आणि एक भर. आमचे वडील परळला गिरणीत होते, जॉबर म्हणजे मुकादम म्हणून. गाव माण तालुक्यातलं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. त्या साली आमच्या गावात मुंबईहून ट्रंका उतरत होत्या. पहिले सहा महिने लोक सण असल्यासारखे राहिले, मग शेळ्या विकल्या, मग भांडी. तो संप अधिकृतपणे कुणी मागे घेतलाच नाही. वडील २००४ मध्ये गेले, तोवर ते स्वतःला ‘संपावर’च म्हणायचे, आम्ही हसायचो.

पण लोक एक गोष्ट विसरतात. तो संप नुसत्या पगारासाठी नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानायची, आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कामगार तिच्याबरोबर नव्हते, पण करार करायचा हक्क तिचाच. तो कायदा बदला ही संपाची मागणीच होती. म्हणून ५१ टक्केवाली एकच युनियन बोलणार, हे वाचून मला जरा धडकी भरते. ५१ टक्के मिळवणं अवघड, हे खरं. एकदा एखाद्यानं मिळवले आणि तो मालकाच्या गाडीतून फिरायला लागला, तर त्याचे ५१ चे ५० करणं त्याहून अवघड.

मिशिगनचा_मिरजकर | बुधवार, सकाळी ९.३०

इथे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून थोडं परदेशी अवांतर. डेट्रॉइटजवळ गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे.

आपल्याला वाटतं अमेरिकेत कामगारांचं सगळं छान. केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलंय. राज्यं आपापलं वाढवतात, ते वेगळं. युनियनमध्ये असलेले कामगार दहातला एक. युनियन करायची तर ३० टक्के सह्या गोळा करा, मग सरकारी मंडळ गुप्त मतदान घेतं, त्यात बहुमत लागतं. खरी गंमत सह्या आणि मतदान यांच्या मधल्या दिवसांत असते. कंपनी सगळ्यांना कामाच्या वेळात हॉलमध्ये बसवून युनियन किती वाईट यावर भाषण द्यायची, हजेरी सक्तीची असायची. युनियनच्या पोराला काढलं तरी कायद्यात दंडच नाही, फार तर परत कामावर घेऊन बुडालेला पगार द्यायचा.

हे बदलायला ‘प्रो’ कायद्याचं विधेयक आलं. सक्तीची भाषणं बंद, मालकाला दंड, पहिला करार लांबवला तर लवाद. खालच्या सभागृहात २०२० ला मंजूर झालं, २०२१ ला पुन्हा झालं, सिनेटमध्ये अडकलं. पण आमच्या मिशिगननं एक केलं. युनियनच्या कराराचा फायदा घ्यायचा पण वर्गणी द्यायची नाही, अशी सोय २०१२ मध्ये इथं कायद्यानं झाली होती, ती २०२३ मध्ये रद्द केली.

माझा अनुभव विचाराल तर कायद्यापेक्षा त्या मधल्या दिवसांत माणसं टिकतात का, यावर सगळं. फिटरदादा, सह्या गोळा करताना कागद कुणाच्या खिशात राहतो तेवढं बघा.

जॉबवर्क | बुधवार, सकाळी १०.४०

बघा, अमेरिकेतसुद्धा जमत नाही.

बेदाणा | बुधवार, सकाळी १०.४४

त्यांनी नेमकं उलटं लिहिलंय, दादा. परत वाचा.

पगारस्लिप | बुधवार, दुपारी १२.३०

फिटरदादांच्या कँटीनमधल्या दुसऱ्या पार्टीच्या ‘हातात कमी येणार’ला कुणी हात घातला नाही, म्हणून मी घालतो. अकाउंट्सला आहे, शिरवळला.

वेतन संहितेत वेतनाची व्याख्या बदलली. बेसिक, डीए सोडून बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. समजा एकूण ३०,०००. बेसिक-डीए १४,००० आणि भत्ते १६,०००. निम्मे १५,०००, म्हणून १,००० उचलून वेतनात, वेतन १५,०००. फंड १२ टक्क्यांनी १,६८० जात होता, आता १,८०० जाईल. हातात १२० रुपये कमी, पण मालकाचेही १२० तुमच्या फंडात जास्त पडतात. ग्रॅच्युइटी वर्षाला पंधरा दिवसांची, ८,०७७ ची ८,६५४ झाली. फंडाची सक्ती १५,००० वेतनापर्यंतच, म्हणून ज्यांचा फंड आधीच १,८०० वर आहे त्यांच्या हातातला पैसा यानं हलायचं कारण नाही. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, हे लक्षात ठेवा. आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्यांना आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायला नको.

थोडक्यात कायद्यानं पगार वाढवला नाही, पगाराची विभागणी सरळ केली. वाढ मागायला तुम्हालाच जावं लागणार.

कुपवाडचा_फिटर | बुधवार, रात्री ११.०५

हे मी झेरॉक्स काढून कँटीनला लावतो. आमच्याकडे बेसिक-डीए नेमकं निम्म्याच्या खाली आहे, भत्त्यांची नावं तर विचारू नका. ‘धुलाई भत्ता’ आहे आणि कपडे बायको धुते.

मार्केटयार्ड | गुरुवार, सकाळी ६.३५

वसंतदादा मार्केट यार्डात हमाल. माथाडी मंडळात नाव हाय. शिक्षण दहावी, चुकलं तर नाना दुरुस्त करतील.

तुमी सगळी इचारताय कंत्राटी पोरं कुणाची. आमी तर कुणाचीच नव्हतो. हळदीच्या सौद्याला पोती एका अडत्याची, गाडी दुसऱ्याची, माल तिसऱ्या गावचा. मालक कोण म्हनायचं? म्हाताऱ्यांच्या टायमाला शंभर किलोचं पोतं पाठीवर, पडला तर पडला, औषधाला पैसा न्हाई. मग १९६९ चा माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातले, मुंबईत त्यांनी ही माणसं गोळा केली. कायद्यानं काय केलं, तर मालक शोधायच्या भानगडीतच पडला न्हाई. मंडळ केलं. माल हलवून घेणाऱ्याचं नाव बी मंडळात, हमालाचं नाव बी मंडळात. हमाली मंडळाकडं भरायची, वर लेव्ही. त्या लेव्हीतनं फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. टोळी कुणाच्या बी गाळ्यावर गेली तरी नाव मंडळाचंच.

तवा मला इचाराल तर ५१ टक्के कुणाचे, हा प्रश्न आमच्या लोकांनी पन्नास वर्षांमागं सोडिवलाय. ठेकेदार मधनं काढा, न्हायतर ठेकेदारासकट नाव लावा.

जॉबवर्क | गुरुवार, सकाळी ९.००

मार्केटयार्डदादा, तुमच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. पण माथाडीच्या नावाखाली गेटवर येऊन, गाडीला हात न लावता वाराई मागणारेही असतात. माझ्या गाडीचं क्रेननं उतरवलेलं मशीन, आणि पैसे मागायला सहा जण. त्या बोगस लोकांसाठीच २०२३ मध्ये दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं.

मार्केटयार्ड | गुरुवार, दुपारी २.१०

बोगस हायत, न्हाई म्हनत न्हाई. आमालाच जास्त तरास त्यांचा. पर बोगस डॉक्टर सापडला म्हनून दवाखाना बंद करत न्हाईत. त्या विधेयकात माथाडी कुणाला म्हनायचं ती व्याख्याच आवळली हुती, म्हनून आमी रस्त्यावर आलो.

कोर्टाची_पायरी | गुरुवार, दुपारी ३.३०

दुरुस्ती करण्यासारखं काही नाही, मार्केटयार्डदादा. वकिलांपेक्षा नीट सांगितलंत.

फिटरदादा, तुमचे ठेकेदार किती आणि कुणाकडे किती मुलं?

कुपवाडचा_फिटर | गुरुवार, रात्री १०.५०

दोन ठेकेदार. एकाकडे ४८, दुसऱ्याकडे ४७. दोघं मेहुणे-मेहुणे आहेत.

भडंग_स्पेशल | गुरुवार, रात्री १०.५५

पन्नाशीच्या आत राहणारं कुटुंब दिसतंय. आहेराची पाकिटंसुद्धा ४८-४७ अशीच आली असतील.

कोर्टाची_पायरी | शुक्रवार, सकाळी ७.०५

भडंगराव, बरोबर ओळखलंत. कंत्राटी कामगारांची तरतूद पूर्वी केंद्राच्या कायद्यात २० पासून होती, आता ५० पासून आहे. पण मेहुण्यांचा हिशेब अर्धाच बरोबर आला. मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराला ५० ची अट आहे, तशीच ती आस्थापनेलाही आहे. कारखान्यात मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशीही एकूण ५० किंवा जास्त कंत्राटी असले तर कारखान्याला ती तरतूद लागू. ९५ म्हणजे लागू. मग मुख्य कामात कंत्राटी लावता येतात का, हा प्रश्न उभा करता येतो. त्याला अपवाद आहेत, लढावं लागेल. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हेही आहे.

आणि त्या मुलांना युनियनचे सभासद करून घ्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. ५१ टक्क्यांत मोजले जाणार नाहीत, पण वर्गणीच्या पावतीवर आणि मागणीपत्रात येतील. १९७१ च्या कायद्याखाली मी ज्या युनियनची कामं पाहिली, त्यातल्या बहुतेक कायम लोकांनी हेच केलं नाही. स्वतःचे करार केले आणि दहा वर्षांनी मागे वळून पाहिलं तर कायम उरलेच नव्हते.

माणदेशी | शुक्रवार, सकाळी ९.२०

नानांच्या या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. गिरणीत बदलीवाल्यांचं असंच होतं. वडील कायम होते, धाकटे काका बदली. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर काम. वडिलांच्या पगाराच्या गोष्टी घरात निघाल्या की काका उठून बाहेर जायचे.

लालडबा | शुक्रवार, रात्री ९.४५

फिटरभाऊ, कुठं गेलात? सह्यांचं काय झालं?

कुपवाडचा_फिटर | रविवार, रात्री ८.३०

माफ करा, दोन दिवस तिसरी पाळी होती.

काल बुधगावला एकाच्या मळ्यात बसलो. ६२ पैकी ४१ आले. सह्या २९. बत्तीस लागतात. न केलेल्या बारातले पाच जण दोन-तीन वर्षांत रिटायर होणारे, त्यांचं मला पटतं. चार जण ‘बघू’ म्हणाले. तिघांची पोरं ठेकेदाराकडे लागलीत. ते म्हणाले, आम्ही सही केली की पहिल्यांदा पोरगं घरी येतं.

मग मी मार्केटयार्डदादांचं मंडळाचं वाचून दाखवलं, आणि नानांचं मेहुण्यांचं. मेहुण्यांवर सगळे हसले. तेवढ्यात ठेकेदाराकडची तीन पोरं मळ्यात आली. कुणी सांगितलं माहीत नाही, आम्ही बोलावलं नव्हतं. त्यातल्या एकानं विचारलं, आमच्या सहीचा रकाना कुठाय? कागदावर नव्हताच. आम्ही फक्त तिकीट नंबर आणि खातं असे रकाने पाडलेले, आणि त्यांना तिकीट नंबर नसतो.

एकानं मागच्या बाजूला पट्टीनं रेघा ओढल्या. नाव, ठेकेदार, किती वर्षं. तिघांनी तिथं सह्या केल्या. त्यातलं एक पोरगं सही न केलेल्या त्या तीन बापांपैकी एकाचं होतं. त्यानं कागद बापाकडे दिला. बापानं घडी घालून माझ्याकडे दिला, सही केली नाही. आज दुपारी त्याचा फोन आला, कागद उद्या कुठल्या पाळीला आणणार म्हणून. पहिल्या, म्हणालो.

नाना, एक विचारायचं होतं. मागच्या बाजूच्या सह्या अर्जाबरोबर जोडायच्या की वेगळ्या ठेवायच्या?

कोर्टाची_पायरी | रविवार, रात्री ८.५२

वेगळ्या ठेवा. दोन प्रती करा, आणि मूळ कागद कारखान्यात नेऊ नका. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघा.

भडंग_स्पेशल | रविवार, रात्री ८.५५

३० धरून चालतो. उरले २. त्या ०.६२ वाल्याला मी सोमवारी गाठतो.